विश्लेषण : सहा लाखांची जुनी ‘हॉट हॅच’ खरेच स्वस्त पडते का?

खारघरमध्ये राहणाऱ्या तरुण नोकरदाराला गाडी दोन कामांसाठी लागते. सोमवार ते शुक्रवार सायन-पनवेल महामार्गाची गर्दी कापायला आणि शनिवारी पहाटे कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागून घाट चढायला. या दुसऱ्या कामासाठी ज्यांचा जीव मॅन्युअल गिअरच्या, दमदार इंजिनाच्या छोट्या गाडीत अडकलेला असतो, त्यांच्यासाठी नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये आता फारसे काही उरलेले नाही. म्हणून शोध सुरू होतो जुन्या गाड्यांच्या बाजारात. तिथे पोलो, अबार्थ पुंटो किंवा बलेनो आरएस पाच-सहा लाखांत दिसते आणि सौदा हातचा जाऊ नये म्हणून टोकनही दिले जाते. गाडीची किंमत निम्म्यावर आली, पण तिच्या देखभालीचा खर्च निम्म्यावर आलेला नाही, हे लक्षात येते पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगच्या बिलावर. हा हिशेब आधी कसा मांडायचा, समजून घेऊ या.

‘हॉट हॅच’ म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या हॅचबॅक गाडीच्या सांगाड्यात जास्त ताकदीचे इंजिन, थोडे कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक बसवले की तिला ‘हॉट हॅच’ म्हणतात. युरोपात ही परंपरा १९७० च्या दशकातील फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयपासून रुजली. भारतात चार मीटरच्या आतील गाडीला करात सवलत असल्याने कंपन्यांनी छोट्या टर्बो इंजिनांवर भर दिला आणि साधारण २०१५ ते २०२० या काळात या प्रकारातील बऱ्याच गाड्या आल्या. त्यांतील बहुतेकांचे आयुष्य अल्प ठरले. खप कमी होता. त्यात एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले आणि कमी खपाच्या इंजिनावर नव्याने खर्च करणे कंपन्यांना परवडेनासे झाले.

बाजारात कोणत्या गाड्या दिसतात?

या गाड्यांतील दोन महत्त्वाची नावे पुणे जिल्ह्यातलीच आहेत. फोक्सवॅगन पोलो चाकणच्या कारखान्यात बनली. सुमारे १२ वर्षांच्या प्रवासानंतर २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. २०२० नंतरच्या पोलोमधील १.० लिटर टीएसआय इंजिन ११० अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देते, सोबत सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स आहे. त्याआधीची जीटी टीडीआय ही डिझेल गाडी २५० न्यूटन-मीटर टॉर्कमुळे घाटप्रेमींची लाडकी आहे. दुसरी फियाटची अबार्थ पुंटो. ती रांजणगावच्या कारखान्यातली. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या या गाडीत १.४ लिटर टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते.

याशिवाय मारुती सुझुकीची बलेनो आरएस (मार्च २०१७, सुमारे १०२ अश्वशक्ती) आणि टाटा मोटर्सने कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजबरोबर तयार केलेली टियागो जेटीपी (ऑक्टोबर २०१८, सुमारे ११४ अश्वशक्ती) याही दिसतात. या चारही गाड्यांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी एकही आज नवी मिळत नाही.

स्वस्त गाडी महाग का पडते?

घसारा गाडीच्या किमतीला लागतो, सुट्या भागांना लागत नाही. समजा, नवी असताना दहा लाखांना पडलेली गाडी सहा वर्षांनी सहा लाखांना मिळाली. तिचा हेडलाइट, बंपर, टर्बोचार्जर किंवा क्लच मात्र दहा लाखांच्या गाडीच्याच दराने मिळणार, आणि या सहा वर्षांत ते दर वाढलेलेच असणार. त्यातही गाडी बंद झालेली आणि कमी खपाची असेल, तर भाग मिळण्यासाठीची वाट पाहणे हा आणखी एक खर्च. त्या काळात गाडी गॅरेजमध्ये उभी आणि मालक लोकलमध्ये उभा.

सहा लाखांच्या आवाक्यात मन रमवणाऱ्या खरेदीदाराची गफलत इथेच होते. सगळी शिल्लक किंवा कर्जाची सगळी मर्यादा गाडीच्या किमतीत संपवली जाते. प्रत्यक्षात सहा लाखांचे बजेट असेल तर गाडी पाच लाख, सव्वापाच लाखांची शोधावी आणि उरलेली रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावी. चार टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच आणि एक पूर्ण सर्व्हिसिंग यांपैकी दोन गोष्टी जरी एकाच वर्षात आल्या, तरी बिल पाच आकड्यांत सहज जाते.

टर्बो आणि क्लच, खर्च नेमका कुठे?

टर्बोचार्जर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतो. त्याच्या चक्राचा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही वर जातो आणि त्याला जपते ती इंजिन ऑइलची पातळ फिल्म. म्हणून या गाड्यांत ऑइल वेळेवर आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच घालणे याला पर्याय नाही. आधीच्या मालकाने एखादे सर्व्हिसिंग चुकवले किंवा स्वस्तातले ऑइल भरले, तर त्याची किंमत पुढचा मालक मोजतो. घाट चढून आल्यावर गाडी थांबताक्षणी इंजिन बंद न करता मिनिटभर तसेच चालू ठेवण्याची जुनी सवयही याच कारणासाठी चांगली.

पोलो टीएसआय आणि बलेनो आरएस यांच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. त्यामुळे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर पेट्रोलचा शिडकावा होत नाही आणि कालांतराने तिथे काजळी साचू शकते. सतत गर्दीतच चाललेल्या गाडीत ही शक्यता अधिक. अबार्थच्या टी-जेटमध्ये जुन्या पद्धतीची फवारणी असल्याने हा प्रश्न तितका येत नाही.

दुसरा मोठा खर्च क्लचचा. वाशी खाडीपुलाच्या रांगेत अर्धा क्लच दाबून पुढे सरकणारी गाडी आणि पुण्याला ये-जा करणारी गाडी यांचे ओडोमीटर सारखेच असेल, पण क्लच सारखा नसेल. तिसरी गोष्ट टायमिंग बेल्टची. पोलोच्या टीएसआय आणि टीडीआय तसेच अबार्थच्या इंजिनात बेल्ट आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच उघडावे लागते. मॅन्युअलमध्ये दिलेली मुदत जवळ आली असेल आणि बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून भाव करावा.

गाडी पाहायला गेल्यावर काय तपासावे?

पहिली अट, इंजिन थंड हवे. मालकाला आधीच सांगावे की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहावे. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर पुष्कळ काही सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, दाट काळा म्हणजे इंधनाचे प्रमाण बिघडले आहे. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंटचा संशय घ्यावा.

क्लच तपासण्याची साधी पद्धत अशी. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनचे आरपीएम झपकन वर गेले आणि गाडीचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. दुसरा आणि तिसरा गिअर टाकताना खरखर येते का, तेही पाहावे. जोरात चालवलेल्या गाडीचा गिअरबॉक्स सहसा तिथेच बोलतो.

टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. चार चाकांना चार वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर असतील, तर मालकाने खर्च टाळत दिवस काढले आहेत असे समजावे. ब्लूटूथने मोबाइलला जोडता येणारे स्वस्त ओबीडी स्कॅनर इंजिनातील चुकांचे कोड दाखवतात. पण विक्रीआधी कोड पुसून ठेवता येतात, त्यामुळे स्कॅनरवर काहीच दिसत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे नव्हे.

सर्वांत महत्त्वाची बाब, १७ अंकी-अक्षरी चेसिस क्रमांक. त्यावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी आणि रिकॉल तपासता येतात. याचे उदाहरण बलेनो आरएसचे. ऑक्टोबर २०१६ ते नोव्हेंबर २०१९ दरम्यान बनलेल्या ७,२१३ गाड्या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये ब्रेकला साहाय्य करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातील संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. आपल्यासमोरच्या गाडीचे हे काम झाले आहे का, हा प्रश्न विचारायला एक पैसाही लागत नाही.

सर्व्हिसिंग कुठे करावे, कंपनीत की गॅरेजमध्ये?

हा वाद दोन टोकांनी खेळला जातो. कंपनीचे सर्व्हिस सेंटर लुटते, असे एक म्हणतो. बाहेरचा मेकॅनिक गाडी बिघडवतो, असे दुसरा. प्रत्यक्षात कामाची वाटणी करणे शहाणपणाचे. इंजिन कंट्रोल युनिट, एअरबॅग, एबीएस, रिकॉल आणि सॉफ्टवेअरशी संबंधित कामे कंपनीच्याच यंत्रणेवर व्हावीत. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, क्लच ही कामे त्या ब्रँडचा अनुभव असलेला स्वतंत्र मेकॅनिक कमी मजुरीत नीट करू शकतो. मात्र भाग कोणत्या कंपनीचा, ऑइल कोणत्या ग्रेडचे, हे बिलावर लिहून घ्यावे. बिल न देणारे गॅरेज आज स्वस्त वाटते, पण गाडी विकताना महाग पडते.

खारघरकरांच्या जमेची बाजू म्हणजे कळंबोली, पनवेल, तळोजा हा सगळा वाहनउद्योगाशी जोडलेला पट्टा हाकेच्या अंतरावर आहे. न मिळणाऱ्या भागांसाठी मुंबईतील ऑपेरा हाऊस परिसर आणि जुन्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड हेही पर्याय अनेक जण धुंडाळतात. दार, आरसा, सीट असे भाग जुने घ्यायला हरकत नाही. ब्रेक, एअरबॅग आणि सीट बेल्ट मात्र कधीही जुने घेऊ नयेत. गाडी घेण्याआधीच मेकॅनिक ठरलेला असावा आणि शक्यतो गाडी पाहायला तोच सोबत असावा.

कागदपत्रांत काय अडते?

खारघरची गाडी पनवेल आरटीओच्या, म्हणजे एमएच-४६ च्या हद्दीत येते. समोरची गाडी एमएच-१२ असो वा एमएच-४३, राज्यातल्या राज्यात मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर वयाचे निर्बंध आल्यापासून तिकडच्या जीटी टीडीआय स्वस्तात दिसतात. पण त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर हे सगळे मोजले की स्वस्ताई बरीच विरघळते.

नाव बदलण्यातील ढिलाई विकणाऱ्यालाही भोवते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकापाठोपाठ हात बदलत गेली होती, पण नोंद पहिल्या मालकाच्याच नावावर होती. अपघातानंतर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. डीलरला गाडी देणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून वेगळी तरतूद आहे. अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९सीद्वारे आरटीओला देता येते. डीलर ‘नाव नंतर करू’ म्हणत असेल, तर हा फॉर्म मागावा.

आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१० मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या पोलो आता ती मर्यादा ओलांडत आहेत. पुढे वापरायची तर तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर आलाच.

रिमॅप आणि आवाजाचे काय?

या गाड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अर्धवट केलेले बदल. इंजिनचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणे, म्हणजे ‘रिमॅप’, आणि मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट हे त्यातले नेहमीचे. टर्बो गाडीत रिमॅपने ताकद झटकन वाढते, हे खरे. पण क्लच, गिअरबॉक्स आणि कूलिंग मूळ ताकदीसाठीच बनवलेले असतात. वाढीव भार त्यांच्यावर पडतो आणि विक्रीआधी सॉफ्टवेअर पुन्हा मूळ केले की नव्या मालकाला फक्त झीज मिळते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. कंपनीच्या मूळ रचनेच्या विरुद्ध जाणारे बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बदल आढळला तर दाव्यावर वाद उभा राहतो, तो वेगळाच.

पावसाळा आणि विमा

खारघर-कळंबोली पट्ट्यात पावसाळ्यात सखल भागांत पाणी साचते, हे इथल्या रहिवाशांना सांगायला नको. या गाड्या तुलनेने खाली बसलेल्या. पाण्यात गाडी बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारला तर सिलिंडरमध्ये पाणी शिरून इंजिन निकामी होऊ शकते. साध्या सर्वसमावेशक विम्यात अशा नुकसानीची भरपाई सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. जुन्या गाडीला ही जोड आणि ‘झिरो डेप’ मिळते का, हे गाडी घेण्याआधी विचारावे. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो आणि आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस नव्या मालकाला मिळत नाही.

पेट्रोल गाड्यांसाठी ई२० इंधनाचा मुद्दाही आहे. एप्रिल २०२३ पूर्वीच्या प्रत्येक गाडीच्या इंधनप्रणालीचे भाग २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेले असतीलच असे नाही. मॅन्युअल आणि इंधन टाकीच्या झाकणावरील सूचना वाचावी, रबरी नळ्या आणि फ्युएल पंप तपासून घ्यावेत.

खरी उणीव कुठे आहे?

इतकी सगळी तपासणी खरेदीदाराच्या माथी येते, कारण गाडी किती चालली आणि तिची काळजी कशी घेतली, याची सार्वजनिक नोंद आपल्याकडे नाही. आरसीवर ओडोमीटरची नोंद नसते. खासगी गाडीची सरकारी तपासणी थेट १५ वर्षांनी होते. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी एमओटी तपासणी होते. त्या वेळचे ओडोमीटर आणि आढळलेले दोष कुणालाही सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. आपल्याकडे वाहन पोर्टलवर नोंदणी, विमा, पीयूसीची माहिती आधीच एकत्र आहे. प्रत्येक पीयूसी आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी ओडोमीटरचा आकडा तिथे नोंदवला आणि रिकॉलचे काम झाले की नाही हे दाखवले, तरी मागे फिरवलेल्या मीटरचा धंदा बराच आटोक्यात येईल. ही सोय होईपर्यंत बिलांची फाइल हाच एकमेव पुरावा.

मग घ्यावी की नाही?

घरात ही एकच गाडी असेल, रोजचे ऑफिस तिच्यावर अवलंबून असेल आणि बजेट शेवटच्या रुपयापर्यंत ताणलेले असेल, तर घेऊ नये. त्या पैशांत नवी किंवा कमी चाललेली साधी हॅचबॅक जास्त सुखात ठेवेल. पण खारघरहून लोकल किंवा बसने कामावर जाता येत असेल, गाडी दोन आठवडे गॅरेजमध्ये राहिली तरी अडणार नसेल आणि देखभालीची रक्कम वेगळी ठेवलेली असेल, तर या गाड्यांइतका आनंद या किमतीत दुसरीकडे मिळणे अवघड आहे. तो आनंद १०० च्या वेगमर्यादेतही मिळतो. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये नीट ओढणारे इंजिन मर्यादा मोडायला लावत नाही.

निवड करताना रंग, अलॉय आणि आवाज शेवटी पाहावेत. सगळी बिले जपून ठेवलेली, मूळ अवस्थेतील, एका मालकाची गाडी ५० हजारांनी महाग असली तरी तीच घ्यावी. आणि घेतल्यावर स्वतःचीही फाइल पहिल्या दिवसापासून ठेवावी. या गाड्या आता नव्याने बनणार नाहीत. रस्त्यावर किती उरतील, हे त्यांचे आजचे मालक ऑइल कधी बदलतात यावर ठरणार आहे.